प्रयोज्य, वय पस्तीस

जुन्नरला राहून मानसशास्त्राची पदवी घेतलेल्या कुठल्याही मुलाची प्रयोगवही उघडून पाहा, तिच्यात एकच माणूस सापडेल. आणि कुठल्याही दोन वह्यांतला तो माणूस एकमेकांसारखा नसेल. एका वहीत तो इतका लाजाळू आहे की लग्नाच्या पंगतीत मीठसुद्धा मागून घेत नाही. दुसरीत तो इतका तापट आहे की शेजाऱ्यांनी त्याच्याशी बोलणं सोडलं आहे. तिसरीत त्याला रोज पडण्याची स्वप्नं पडतात, चौथीत उडण्याची. सगळ्या वह्यांमध्ये न बदललेली गोष्ट एकच, ती म्हणजे त्याचं वय. पस्तीस. मी पहिल्या वर्षाला आलो तेव्हा ते पस्तीस होते, तिसऱ्या वर्षाला गेलो तेव्हाही पस्तीस होते, आणि माझ्या आधी कितीतरी वर्षं शिकून गेलेल्या आमच्या गावच्या एका ताईची जुनी वही मी मागून आणली होती, तिच्यातही पस्तीसच होते.

हा माणूस म्हणजे कॉलेजच्या मागच्या गल्लीतल्या पिठाच्या गिरणीचे मालक. आम्ही मुलं त्यांना मामा म्हणायचो. गिरणीवर पत्रा, आत एक मोटर, एक लांब पट्टा, दोन दगड आणि या सगळ्यांवर पिठाचा एक थर. त्या थराखाली मामा. त्यांच्या भुवया, पापण्या, कानांवरचे केस सगळं पांढरं असायचं. वर्षानुवर्षं मोटरच्या आवाजात बोलून त्यांना हळू बोलता येत नव्हतं. मोटर बंद असली तरी ते समोरच्याला पलीकडच्या डोंगरावरून हाक मारल्यासारखे बोलायचे. त्यामुळे त्यांच्या मनातलं गुपित असं काही राहणं कठीणच होतं, आणि तरीही ते मानसशास्त्राच्या इतक्या पिढ्यांना पुरले याचं मला अजून नवल वाटतं.

इथे थोडं समजावून सांगायला हवं, कारण मलाही कॉलेजात येईपर्यंत हे माहीत नव्हतं. मानसशास्त्राच्या प्रात्यक्षिकाला प्रत्येकाने आपापला माणूस घेऊन जायचा असतो. ज्याच्यावर प्रयोग करायचा तो हा माणूस, त्याला प्रयोज्य म्हणतात. रसायनशास्त्राच्या मुलांना परीक्षानळी कॉलेज देतं, आम्हाला माणूस घरून आणावा लागतो. शहरातल्या मुलांचं ठीक असेल. आमच्यासारख्यांच्या घरची माणसं कांद्यात नाहीतर टोमॅटोत. माझ्या वडिलांना मी पहिल्या वर्षी विचारलं, "दादा, दोन तास माझ्यासमोर बसून प्रश्नांची उत्तरं द्याल का?" ते म्हणाले, "दोन तास बसून तुलाच आधी इचारतो, ह्यो इषय कशाला घेतलास?" त्यानंतर मी घरी प्रयोज्य शोधला नाही.

मामांचं या शास्त्रात येणं लोडशेडिंगमुळे झालं. दुपारी लाईट गेली की गिरणी बंद, आणि मामा पायरीवर रिकामे. अशाच एका दुपारी कुणा मुलीला प्रयोज्य मिळत नव्हता आणि ती गिरणीच्या पायरीवर रडत बसली होती म्हणे. मामा म्हणाले, "रडती कशाला? मी हाय की. काय करायचं आसतं? नुसतं बसायचं ना?" त्या वर्षी ती पास झाली. पुढच्या वर्षी तिने तिच्या धाकट्या बहिणीला पाठवलं. मग गल्लीत हे कायमचंच होऊन बसलं. प्रात्यक्षिकं जवळ आली की दुपारी गिरणीच्या पायरीवर डबे कमी आणि वह्या जास्त दिसायच्या.

एवढ्या वर्षांत मामांना सगळ्या चाचण्या पाठ झाल्या, आणि चाचणी पाठ असलेला प्रयोज्य म्हणजे पेपर आधीच पाहिलेला विद्यार्थी. फरक एवढाच की मामांना स्वतःला पास व्हायचं नसायचं, मुलांना पास करायचं असायचं. मुलगा वही उघडून बसला की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "कसा पायजे? लाजाळू काढू का तापट?" शाईच्या डागांची चाचणी निघाली की सुरुवातीला त्यांना प्रत्येक डागात बैल दिसायचा, आणि तो कुठल्या बाजूने दिसतो आहे हेही ते सांगायचे. पण बैल लिहिलेल्या मुलांना गुण कमी पडले असं त्यांच्या कानावर आलं, तेव्हापासून ते फुलपाखरू सांगायला लागले. "फुलपाखरू म्हणलं की सर खूश आसत्यात," ते म्हणायचे. आहुप्याकडच्या एका मुलाला 'भीती' हा विषय मिळाला होता. त्याच्यासाठी मामांनी झाडांची भीती घेतली. तो बिचारा देवराईच्या सावलीत वाढलेला. तो म्हणाला, "मामा, झाडांना कोण घाबरतं?" मामा म्हणाले, "मग तूच सांग कशाला घाबरू. मला काय, मी कशालाबी घाबरंन."

स्वप्नांचा मात्र त्यांच्याकडे खडखडाट होता. मामांना स्वप्नच पडत नसे. "दिसभर मोटर ऐकून डोस्कं रातचं गप पडतं," असं ते कारण सांगायचे. पण स्वप्न मागायला आलेल्या मुलाला रिकाम्या हाताने पाठवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. मग ते गिऱ्हाइकांकडून स्वप्नं जमा करून ठेवायचे. बाजरीचा डबा घेताना सहज विचारल्यासारखं विचारायचे, "मावशी, काल काय सपान पडलं का?" यामुळे त्यांच्या नावावर वह्यांमध्ये अशी स्वप्नं आहेत की ज्यात ते बाळंत होतात.

एका वर्षी तर कहर झाला. एका मुलीसाठी मामांनी 'निराश' माणूस काढून दिला आणि तो इतका मन लावून काढला की वही वाचून आमचे सर घाबरले. दुसऱ्या दिवशी ते स्वतः गिरणीत आले. मोटर बंद करायला लावली, मामांच्या पिठाळ खांद्यावर हात ठेवला आणि आयुष्य किती सुंदर आहे यावर अर्धा तास बोलले. मामांना वाटलं सर ज्वारीच्या डब्यासाठी आले आहेत आणि सांगायला लाजताहेत. शेवटी मामांच्या लक्षात आलं, की हे सगळं त्या वहीमुळे. पण आता खरं सांगावं तर मुलीचे गुण जातात. म्हणून मामांनी डोळे पुसले आणि म्हणाले, "सर, तुमी आलात, आता बरं वाटतंय." सर समाधानाने गेले. त्यानंतर महिनाभर सर गल्लीतून जाताना हात करून विचारायचे, "कसं काय?" आणि मामा रोज आदल्या दिवसापेक्षा थोडं थोडं बरं व्हायचे.

मुलं मोठ्याने पाठ करायची आणि मामा ऐकायचे, त्यामुळे थिअरीही त्यांच्याकडे बरीच साठली होती. परदेशातल्या त्या दाढीवाल्या डॉक्टरांनी मनाचे तीन भाग सांगितले आहेत. इदम्, म्हणजे हट्टी पोरासारखं हे हवं ते हवं म्हणणारं मन. पराहम्, म्हणजे हे करू नको ते करू नको म्हणणारं मन. आणि दोघांच्या मधला अहम्. मला हे तीन आठवडे कळत नव्हतं. मामांनी एका दुपारी पायरीवर बसून सांगितलं. "इदम् म्हंजी 'माझं आधी दळा, माझं आधी दळा' म्हणून वरडणारं गिऱ्हाईक. पराहम् म्हंजी तुझी मामी. आन् मधी पीठ व्हतंय ते माझं." गिरणीला लागूनच असलेल्या घराच्या दारातून मामी म्हणाल्या, "ऐकू येतंय हां मला." मामा म्हणाले, "बघ. पराहम् कधी झोपत न्हाई."

हे ज्ञान ते गिऱ्हाइकांवरही वापरायचे. बाजारपेठेत कापडाचं दुकान असलेले एक शेठजी, पिढ्यान्पिढ्या जुन्नरला राहिलेले मारवाडी, एकदा डबा घेऊन तावातावाने आले. म्हणाले, "माझ्या गव्हात कुणाची तरी बाजरी आहे." मामा शांतपणे म्हणाले, "शेठ, याला प्रक्षेपण म्हणत्यात. आपल्या मनातलं आपण दुसऱ्यावर टाकतो." शेठजी म्हणाले, "ते टाकत असाल तुम्ही. मी विचारतोय, ही बाजरी कुणी टाकली?" मामांनी पीठ चिमटीत घेऊन पाहिलं, आणि शास्त्र बाजूला ठेवून डबा मुकाट्याने बदलून दिला. पण कधीकधी त्यांचं शास्त्र बरोबरही निघायचं. वरच्या आळीतली एक नवी सून आठवड्यातून तीनदा डबा विसरायची आणि तो न्यायला पुन्हा यायची. सासू येऊन म्हणाली, "पोरगी लई इसराळू हाय." मामा तिला म्हणाले, "व्हईल हळूहळू सवय." आणि सासू गेल्यावर आम्हाला म्हणाले, "इसरत न्हाई ती. ठिवून जाती. तेवढंच तिला दोनदा घराभायेर पडाय मिळतं." पुढे कधी ती डबा विसरली नाही, तर मामा स्वतःच तिचं दळण करायचं विसरायचे, म्हणजे तिला पुन्हा यावं लागे.

आता माझं सांगतो. सांगायला थोडा संकोच वाटतो. माझ्या घरात दहावीच्या पुढे कुणी गेलेलं नव्हतं. तिसऱ्या वर्षाच्या दिवाळीत दादांनी मला स्पष्ट सांगितलं होतं, की पहिला वर्ग आला तर पुण्याला एम.ए.ला जा, नाही आला तर चुलत्याच्या टेम्पोवर बेल्ह्याच्या बाजाराला जनावरं न्यायची. त्यात त्यांचं काही चुकत नव्हतं. लेखी पेपरांचा मी अंदाज करून पाहिला होता, तिथे माझं जेमतेम होतं. सगळं प्रात्यक्षिकावर अटकलं होतं. आणि नेमका त्याच वेळी माझ्या मनात एक विचार घुसला, जो इतरांच्या घुसला नव्हता. मी ज्या शास्त्रात पुढे जाणार, त्याची सुरुवात मागणीप्रमाणे काढलेल्या माणसापासून कशी करायची? मला ते जमेना. दुसरा प्रयोज्यही मिळेना. तेव्हा एका दुपारी मी गिरणीत गेलो. मामांनी मळकं फडकं झटकलं आणि विचारलं, "हं, कसा पायजे?"

मी म्हणालो, "मामा, मला खरा पाहिजे."

ते फडकं झटकतच राहिले. मग थांबले. "खरा?"

"हो. तुम्ही जसे आहात तसे."

"खरा कशाला पायजे रं? आजवर कुणी खरा मागितला न्हाई."

मी काहीतरी शास्त्रावरची निष्ठा वगैरे पुटपुटलो. त्यांनी पट्ट्यावर साचलेलं पीठ बोटाने पुसलं. मग म्हणाले, आणि पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाले, "आन् समज खरा काढला, आन् त्यात काहीच निघालं न्हाई, तर? तुझं मार्क जातील ते जातील. माझं काय?" मी वही मिटायला लागलो. मग त्यांनीच हात झटकले. "बरं. कधी हाय परीक्षा?"

परीक्षेच्या दिवशी मी कॉलेजच्या फाटकात उभा राहून त्यांची वाट पाहत होतो आणि ते माझ्या शेजारी येऊन पाच मिनिटं उभे होते, तरी मी त्यांना ओळखलं नाही. ते आंघोळ करून, डोक्याला तेल लावून, पांढरा सदरा घालून आले होते. त्यांच्या भुवया काळ्या होत्या. गालावर एक तीळ होता. इतक्या वर्षांत तो कुणाच्या वहीत आला नव्हता. "चल," ते म्हणाले, तेव्हा आवाजावरून कळलं. फाटकावरचा शिपाईही दचकला.

बाहेरून आलेल्या परीक्षक बाई चष्म्याच्या वरून बघणाऱ्या होत्या. मी तक्ता भरायला घेतला. प्रयोज्याचं वय विचारलं. मामा सवयीने "पस्ती..." म्हणाले, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "एक्कावन्न." तो आवाज सगळ्या हॉलमध्ये घुमला. बाई उठून आमच्या टेबलाशी आल्या. मामांकडे निरखून पाहत राहिल्या.

"मी मागे एकदा इथे परीक्षेला आले होते," त्या म्हणाल्या. "हा आवाज मी ऐकलाय. तेव्हा तुम्ही एका मुलीचे प्रयोज्य होता. फार तीव्र अंतर्मुख निघाला होता. इतक्या मोठ्या आवाजाचा अंतर्मुख मी दुसरा पाहिला नाही, म्हणून लक्षात राहिलं."

माझ्या डोळ्यांसमोर चुलत्याचा टेम्पो उभा राहिला. मामांनी हात जोडले.

"बाई, ते खोटं व्हतं. तवा मी त्या पोरीला पायजे तसा व्हतो. ह्या पोराला मी हाय तसा पायजे. त्याचा काय गुन्हा न्हाई. तो एकटाच तसला निघाला."

"हे मी कशावरून खरं मानू?"

"तुमीच घ्या की परीक्षा. तुमच्या शब्दांनी घ्या. मला ह्यांचे शब्द पाठ हाईत."

बाईंनी थोडा विचार केला आणि आपल्या वहीतून शब्दांची नवी यादी माझ्यासमोर ठेवली. या चाचणीत एकेक शब्द म्हणायचा आणि प्रयोज्याने मनात येईल तो पहिला शब्द सांगायचा. किती वेळ लागला ते स्टॉपवॉचवर मोजायचं. जिथे माणूस अडखळतो तिथे आत काहीतरी दडलेलं असतं असं त्या डॉक्टरांच्या मागून आलेल्यांचं म्हणणं. स्टॉपवॉच बाईंनी स्वतःकडे घेतलं. मी शब्द म्हणू लागलो. पाणी, मामा म्हणाले विहीर. झाड, सावली. आई, भाकरी. राग, मामी. यावर बाईंच्या ओठांचा कोपरा किंचित हलला. सगळी उत्तरं दोन-दोन सेकंदांत येत होती, घाई नाही, उशीर नाही. मग मी म्हणालो, "रांग."

मामा थांबले. हॉलमधल्या दुसऱ्या टेबलांवरचे शब्द ऐकू यायला लागले. मामांनी सदऱ्याच्या बाहीवरून हात फिरवला, जणू तिथे पीठ असावं. अकरा सेकंदांनी ते म्हणाले, "व्हती."

पुढचे शब्द पुन्हा सरळ गेले. नंतर प्रश्नावली झाली. मामांनी प्रत्येक प्रश्नावर इतका विचार केला की इतर मुलं प्रयोज्य घेऊन घरी गेली तरी आम्ही बसलेलोच. गुण मोजून मी आलेख काढला, आणि तो पाहून मलाच धक्का बसला. मामा कशातच फार नव्हते. फार अंतर्मुख नाहीत, फार बहिर्मुख नाहीत, चिंता साधारण, राग साधारण. सगळी रेघ मधून गेलेली. बाईंनी आलेख पाहिला, अकरा सेकंदांच्या आकड्यावर पेन टेकवलं आणि मला विचारलं, "हे काय आहे? स्पष्टीकरण द्या."

मला पाठ होतं. दमन, अबोध मन, गंड, सगळं जिभेवर होतं. हे बोललो असतो तर चांगले गुण मिळाले असते, हेही मला कळत होतं. पण त्या वर्षी गिरणीच्या गल्लीत किती घरांत घरघंटी, म्हणजे घरच्या घरी दळायची छोटी गिरणी, आली होती आणि मामांच्या दारातली रांग कशी आटली होती ते मला माहीत होतं. पाकिटातलं पीठ तर किराणा दुकानाच्या दारातच टांगलेलं असायचं. मी अडखळत म्हणालो, "मॅडम, याचं कारण मला माहीत आहे. पण ते त्यांच्या मनात दडलेलं नाही. त्यांच्या दुकानात आहे. उघड्यावर आहे. बाकी यांचं व्यक्तिमत्त्व सर्वसाधारण आहे, एवढाच माझा निष्कर्ष."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मामांकडे पाहिलं आणि सही केली. काय गुण दिले ते त्या वेळी कळलं नाही. बाहेर आल्यावर मामांनी पहिला प्रश्न केला, "काय निघालं माझं?" मी भीत भीत सांगितलं, "मामा, सगळं मधोमध निघालं." ते माझ्या पुढे चालू लागले. मला वाटलं दुखावले. मग म्हणाले, "म्हंजी बिघाड काय न्हाई." मी म्हणालो, नाही. "इतकी वर्सं कायकाय सांगितलं पोरांना. मलाच वाटाय लागलं व्हतं, आपल्यात कायतरी आसंल." आणि एकदम हसून पाठीवर अशी थाप मारली, की माझ्या हातातली वही रस्त्यावर पडली.

मला पहिला वर्ग मिळाला, थोडक्यात मिळाला. मी पुण्याला आलो. पुढच्या वर्षी दिवाळीला गेलो तेव्हा कळलं की मामांनी नव्या मुलांना परत पाठवलं. "खरा पायजे तर बसतो, पर तो एकदाच निघाला हाय, पुन्ना पुन्ना तोच निघणार. आन् खोटं आता जिभंवर येत न्हाई," असं त्यांनी सांगितलं म्हणे. मुलं खऱ्याला घेईनात, कारण त्याच्या आलेखात लिहिण्यासारखं काही नाही. पायरीवर वह्या येणं बंद झालं. हे ऐकून मला फार वाईट वाटलं. डबे आधीच कमी झाले होते, आता मुलंही गेली, आणि ती माझ्या हट्टामुळे गेली. मी तसं त्यांच्यापाशी बोललो. मामा म्हणाले, "येडा हाईस. गर्दी व्हती तवा कुणी बोलायचं न्हाई, नुसतं वरडायचं. आता एक बाई येती, डबा ठिवती आन् तासभर बोलती. मोटर लावायचीच ऱ्हाती. सांजच्याला मामी इचारती, दिसभर काय दळलं?" मी विचारलं, "मग तुम्ही काय सांगता?" ते म्हणाले, "मी कशाला सांगू? लोकांचं आसतं ते."

ते मला बरं वाटावं म्हणून बोलले, की खरंच तसं होतं, हे मला तेव्हा ठरवता आलं नाही. माणसाचं मन ओळखण्याची दोन वर्षांची पदवी मी इथे घेतो आहे, पण एवढं साधं अजून येत नाही. परवा गावाहून पुण्याला परतताना मी मुद्दाम वाट वाकडी करून जुन्नरला उतरलो. हातात आईने दिलेला गव्हाचा डबा होता. पुण्यात आमच्या खोलीच्या खालीच पीठ मिळतं, तरी आणला होता. गिरणीचं दार अर्धं उघडं होतं. मोटर बंद होती. आत पोत्यावर एक म्हातारी बसून काहीतरी सांगत होती, आणि मामा खाली मान घालून ऐकत होते. लाईट होती. समोरच्या दुकानातला बल्ब जळत होता. मामांनी मला पाहिलं आणि पिठाने भरलेला हात वर करून थांब म्हणून खूण केली. मी डबा पायरीवर ठेवला आणि शेजारी बसलो. बाहेर उतरतं ऊन होतं. शेवटची गाडी सुटायला अजून अवकाश होता, आणि खरं सांगायचं तर मला घाईही नव्हती.